प्रवासात जमवलेल्या वस्त्रांचे दुकान: खरेदीच्या वहीपासून विक्रीच्या बिलापर्यंत

अशा दुकानाची सुरुवात बहुतेकांच्या बाबतीत घरातल्या कपाटातून होते. चार प्रवासांत घेतलेल्या आठ-दहा शाली, भिंतीवर लावायचे भरतकाम, लव नसलेल्या सपाट विणीचा एखादा किलीम गालिचा आणि वापरण्याचे धाडस न झालेली दोन-तीन भांडी कपाटात साठलेली असतात. येणारे-जाणारे त्यांची विचारपूस करतात आणि मग कधीतरी दुकानाचा विचार मनात येतो. ही सुरुवात वाईट नाही. मात्र आवडीने घेणे आणि विकण्यासाठी घेणे या दोन कामांची शिस्त निराळी असते, आणि दुसऱ्या कामाची शिस्त अंगी बाणवायला मला दोन फेऱ्यांचा तोटा सोसावा लागला. पुढे लिहिले आहे ते त्या अनुभवातून आलेले असून कामाच्या क्रमानेच मांडले आहे.

आधी वही, मग खरेदी

पहिली खरेदी करण्यापूर्वी एक जाड बांधणीची वही घ्यावी आणि तिच्यात प्रत्येक वस्तूसाठी रकाने आखून ठेवावेत. अनुक्रमांक, तारीख, गाव, वस्तू कोणी बनवली, कोणाकडून घेतली, धागा कोणता, तंत्र कोणते, रंग कोणता, लांबी-रुंदी, तिथल्या चलनातली किंमत आणि त्या दिवशीचा विनिमय दर, दिसलेले दोष, छायाचित्राचा क्रमांक, आणि कारागिराचे नाव व छायाचित्र दुकानात लावण्यास त्याची परवानगी आहे की नाही, इतके रकाने पुरतात. यांतील ‘कोणी बनवली’ आणि ‘कोणाकडून घेतली’ हे दोन रकाने कधीही एक करू नयेत. बाजारातला व्यापारी ‘आमच्याच घरात विणले आहे’ असे सहज सांगतो. ते खरे असेल किंवा नसेल, पण वहीत ‘व्यापाऱ्याने असे सांगितले’ एवढेच लिहावे.

ही नोंद त्याच जागी, वस्तू हातात असताना करावी. एकदा मी शेजारशेजारच्या दोन गावांतून घेतलेली निळीची कापडे एकाच पोत्यात भरली आणि नोंद मुक्कामाला गेल्यावर करू असे ठरवले. रात्री पोते उघडले तेव्हा कोणते कापड कोणत्या गावचे हे मला स्वतःलाच सांगता येईना. अंदाजाने चिठ्ठ्या लावल्या आणि माल विकायला ठेवला. काही महिन्यांनी त्या भागात काम केलेल्या एका गिऱ्हाईक बाईंनी दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाल्याचे शांतपणे दाखवून दिले. त्या दिवशी दुकानातल्या इतर सगळ्या चिठ्ठ्यांवरचाही त्यांचा विश्वास उडाला असणार.

क्रमांक वस्तूलाच जोडावा. पांढऱ्या सुती फितीचा बोटभर तुकडा घेऊन त्यावर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक लिहावा आणि शाई वाळल्यावर तो कापडाच्या उलट्या बाजूला, कोपऱ्यात, दोन सैल टाक्यांनी टाचावा. टाचणीला गंज चढतो आणि चिकटपट्टीचा डिंक धाग्यात उतरतो, म्हणून ही दोन्ही टाळावीत. सुई, दोरा, फीत आणि पेन हे सामान मी पासपोर्टच्याच पिशवीत ठेवते.

भांडवलाचे सात भाग

नव्या दुकानदाराची सगळ्यात मोठी चूक म्हणजे जवळचे सगळे पैसे मालात घालणे. माल घेतल्यानंतरचा खर्च मालाच्या किमतीच्या पाऊणपट सहज होतो. त्याचा हिशेब पुढे किमतीच्या प्रकरणात दिला आहे. म्हणून एका फेरीसाठी काढलेल्या रकमेचे सात भाग करून त्यांतले चारच भाग खरेदीला ठेवावेत आणि उरलेल्या तीन भागांना प्रवास, पाठवणी, कर, धुलाई यांसाठी राखून ठेवावे.

खरेदीच्या चार भागांतही वाटणी हवी. मोठ्या वस्तू, म्हणजे किलीम, भिंतीवरचे भरतकाम किंवा पलंगपोस, लोकांना दुकानात ओढून आणतात, पण वर्ष-वर्ष पडून राहतात. स्टोल, उशांचे अभ्रे, टेबलावरच्या पट्ट्या यांवर दुकानाचे भाडे निघते. बटवे, कर्णफुले, ठशाने छापलेल्या वह्या अशा लहान वस्तूंमुळे आत आलेला माणूस रिकाम्या हाताने जात नाही. माझी वाटणी दहात साधारण तीन, पाच आणि दोन अशी असते. दुकान रस्त्यालगत, वर्दळीच्या ठिकाणी असेल तर लहान वस्तू वाढवाव्यात. वरच्या मजल्यावर असेल तर त्यांचा फारसा उपयोग होत नाही, कारण जिना चढून येणारा माणूस काहीतरी ठरवूनच आलेला असतो.

थोड्या जागा, पण पुन्हा पुन्हा

दहा देशांची एकेक वस्तू ठेवणारे दुकान संग्रहालयासारखे दिसते आणि तसेच चालते. तीन-चार प्रदेश निवडावेत आणि तिथे परत परत जावे. दुसऱ्या भेटीत कारागीर आतल्या खोलीतला माल दाखवतो, तिसऱ्या भेटीत फसलेला रंग कशाने फसला ते सांगतो, आणि दुकानातल्या बोलण्याला खरे वजन येते ते त्या माहितीने. शिवाय एकच वस्तू पुन्हा मिळण्याची सोय होते. ‘याच्याच जोडीचे आणखी एक हवे’ ही मागणी इतक्या वेळा येते की तिला नेहमीच नाही म्हणणाऱ्या दुकानाचे निम्मे उत्पन्न हातचे जाते.

कापड पारखताना

पारख ही पुस्तकातून येत नाही हे खरे, पण काय पाहायचे याची यादी मनात असेल तर ती लवकर येते.

इकतपासून सुरुवात करू. इकतमध्ये विणण्यापूर्वीच धाग्यांना ठरावीक अंतरावर गाठी बांधून रंगवतात, त्यामुळे विणलेल्या नक्षीच्या कडा किंचित पसरट, पिसासारख्या दिसतात. उभे आणि आडवे असे दोन्ही धागे रंगवून विणलेले दुहेरी इकत जगात मोजक्याच ठिकाणी होते. गुजरातमधील पाटणचा पटोला आणि बाली बेटावरील तेंगानान गावचे गेरिंगसिंग ही त्यांतली नावाजलेली उदाहरणे आहेत. इकतसारखी नक्षी छापलेले कापड मात्र सर्वत्र मिळते. सुलटी आणि उलटी बाजू सारखीच गडद असेल तर इकत खरे, असे सांगितले जाते, पण पातळ कापडावरची छपाईही आरपार उतरते. खात्री करायची तर कडेचा एक धागा परवानगी घेऊन दोन-तीन बोटे उसवावा आणि उजेडात धरावा. इकतच्या धाग्यात रंग सर्व बाजूंनी मुरलेला असतो आणि तो धाग्याच्या लांबीवर टप्प्याटप्प्याने बदलतो. छापलेल्या कापडाच्या धाग्यावर जिथे दुसरा धागा वरून गेला होता तिथे बारीक फिक्या खुणा राहतात आणि धाग्याची एक बाजू दुसरीपेक्षा उजळ दिसते. एवढे पाहायला अर्धे मिनिट लागते.

ठशाच्या छपाईत जोड शोधावेत. लाकडी ठसा हाताने ठेवला जात असल्यामुळे दोन ठशांच्या मध्ये कुठे केसभर फट, कुठे केसभर चढलेला रंग असतो आणि ही चूक दर वेळी थोडी निराळी असते. एकच दोष पुन्हा पुन्हा दिसला म्हणून ते यंत्राचे काम ठरत नाही, कारण तुटका ठसाही तोच दोष पुन्हा उमटवतो. पाहायचे ते हे की त्या दोषाभोवतीचा कल दर वेळी हलतो आहे का. कच्छ आणि सिंधमधील अजरकमध्ये रोधक लेप, लोहाचा काळा रंग, नीळ आणि लाल असे अनेक टप्पे असतात, आणि उत्तम अजरक दोन्ही बाजूंनी छापतात. पाण्याचा गुण या कामात किती निर्णायक असतो हे अजरकपूरच्या जन्मावरून दिसते. कच्छमधल्या धमडका गावच्या पाण्यात लोह वाढल्याने रंग बिघडू लागले आणि 2001 च्या भूकंपानंतर तिथल्या अनेक छपाईकारांनी हे नवे गाव वसवले. गिऱ्हाइकाला सांगण्यासारखी माहिती ही अशी असते; ‘शतकानुशतकांची परंपरा’ या शब्दांनी त्याच्या पदरात काहीच पडत नाही.

बातिकच्या, म्हणजे मेणाने नक्षी झाकून रंगवलेल्या कापडाच्या बाबतीत मेण हाताने, चांतिंग नावाच्या तोटीच्या अवजाराने, ओढले आहे की तांब्याच्या ठशाने लावले आहे हे विचारावे, कारण दोन्ही अस्सल असूनही मेहनतीत आणि किमतीत मोठे अंतर असते. आफ्रिकेतल्या माली देशाच्या बोगोलान कापडात काळा रंग चिखलाचा असतो. आधी झाडाच्या पानांच्या काढ्यात बुडवून पिवळ्या केलेल्या सुती कापडावर आंबवलेला चिखल लावतात, आणि चिखलातल्या लोहाची काढ्यातल्या टॅनिनशी प्रक्रिया होऊन काळा रंग धरतो. पनामाच्या गुना जमातीतल्या स्त्रियांचे मोला हे एकावर एक ठेवलेली कापडे कापून, कडा आत दुमडून शिवलेले काम असते. तिथे दुमड किती बारीक आहे आणि टाके दिसतात का, एवढेच पाहिले तरी पुरते.

उझबेकिस्तानातल्या सुझानीबद्दल, म्हणजे तिथल्या भरतकामाच्या मोठ्या वस्त्राबद्दल, लिहावे तितके कमीच, कारण तिच्यात ‘दोष’ या शब्दाचा अर्थच बदलतो. जुन्या पद्धतीत अरुंद विणीच्या पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडून त्यावर नक्षी रेखाटत, मग पट्ट्या उसवून घरातल्या वेगवेगळ्या स्त्रियांना भरायला देत आणि शेवटी पुन्हा जोडत. त्यामुळे जोडावर फुलाची अर्धी पाकळी वर-खाली सरकलेली असते आणि कधी एकाच फुलाचा लाल रंग शिवणीच्या अलीकडे वेगळा, पलीकडे वेगळा दिसतो. पहिल्यांदा अशी सुझानी पाहिली तेव्हा मी ती सदोष म्हणून परत ठेवली होती. सलग रुंद कापडावर, सगळीकडे सारख्या लांबीच्या टाक्यांनी भरलेली आणि उलट्या बाजूला एकाच दोऱ्याचे सलग जाळे असलेली सुझानी समोर आली तर मात्र ती यंत्रावरची असल्याचा संशय घ्यावा.

धागा ओळखण्यासाठी काडीची चाचणी अजूनही सर्वांत उपयोगी आहे. दोन धागे चिमट्यात धरून पेटवावेत. लोकर आणि रेशीम जळक्या केसांसारखा वास सोडतात आणि मागे चुरडली जाणारी काळी राख ठेवतात. सूत कागदासारखे जळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेशीम म्हणून खपवलेला व्हिस्कोस हा कृत्रिम धागा कागदासारखाच जळतो, त्यामुळे वास हीच खूण. मिश्र धाग्यांत ही चाचणी फसते, आणि जिथे मोठी रक्कम गुंतते तिथे प्रयोगशाळेतून तपासून घेणेच शहाणपणाचे असते.

रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून पिळावा आणि कडेला दहा वेळा घासावा. लाल किंवा काळा उतरला तर माल घेण्याचा फेरविचार करावा. निळीची गोष्ट निराळी आहे. नीळ धाग्याच्या पृष्ठभागावर बसते, त्यामुळे अस्सल नीळही सुरुवातीला हाताला लागते. ती फसवणूक नव्हे, पण पांढऱ्या सोफ्यावर टाकू नये हे चिठ्ठीवर ठळक लिहिणे आपले कर्तव्य आहे.

भाव आणि पैसे

घासाघीस कुठे करावी आणि कुठे करू नये याचे माझे साधे धोरण आहे: व्यापाऱ्याशी करावी, कारागिराशी करू नये. कारागिराला त्याऐवजी ‘हे विणायला किती दिवस लागले’ असे विचारावे. आलेल्या उत्तराने मागितलेली किंमत भागून पाहिली म्हणजे दिवसाची मजुरी कळते, आणि ती लाजिरवाणी कमी निघाली तर आपणच पुढची मागणी वाढीव भावाने द्यावी. मागणी देताना आगाऊ रक्कम द्यावी. जागतिक फेअर ट्रेड संघटनेच्या तत्त्वांत हस्तकलेसाठी, उत्पादकाने मागितल्यास, किमान 50 टक्के बिनव्याजी आगाऊ रक्कम देण्याचा दंडक आहे, आणि तो व्यवहारातही योग्य ठरतो, कारण धागा आणि रंग विकत घ्यायला विणकराला आधी पैसा लागतो. ठरलेले माप, रंगाचा नमुना, तारीख आणि उरलेली रक्कम देण्याची पद्धत दोन प्रतींत लिहून दोघांनी सही करावी. रंगाचा नमुना म्हणजे मोबाइलवरचे चित्र नव्हे. धाग्याची लडी मधोमध कापून अर्धी त्याच्याकडे, अर्धी आपल्याकडे ठेवावी.

घेऊ नयेत अशा वस्तू

कितीही स्वस्त मिळाले तरी काही घ्यायचेच नाही. हस्तिदंत, समुद्री कासवाचे कवच आणि तिबेटी चिरू हरणाच्या लोकरीचे शहातूश यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबाबतच्या, 1975 पासून अंमलात असलेल्या साइट्स करारान्वये बंद आहे. काही प्रवाळ, पिसे आणि चामडी यांनाही परवाना लागतो. जुन्या वस्तूंबाबत प्रत्येक देशाचा कायदा पाहावा. भारतातून, 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार, 100 वर्षांहून जुन्या पुरावस्तू खासगी व्यक्तीला बाहेर नेता येत नाहीत. ‘आजीच्या पेटीतली, दीडशे वर्षांची’ असे कोणी सांगितले तर ते खोटे असल्यास आपण फसतो आणि खरे असल्यास अडकतो.

नक्षीच्या मालकीचाही प्रश्न आहे. मेक्सिकोने जानेवारी 2022 मध्ये आदिवासी आणि आफ्रो-मेक्सिकन समुदायांच्या सांस्कृतिक वारशाचे संरक्षण करणारा कायदा लागू केला, ज्यात अशा नक्षींवरचा समुदायाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. एका गावची नक्षी दुसरीकडे स्वस्तात छापून घेण्याचा मोह दुकान जरा चालू लागले की होतोच. तो मोह मलाही झाला होता, नमुनाही बनवून घेतला होता, आणि तो टेबलावर मूळ कापडाशेजारी ठेवल्यावर विकण्याची इच्छा उरली नाही.

पूजेत किंवा अंत्यविधीत वापरलेली वस्त्रे विकावीत का, याचे एकच उत्तर नाही. ज्यांची ती आहेत त्यांना विचारावे आणि ते नाही म्हणाले तर विषय तिथेच थांबवावा.

पाठवणी आणि सीमाशुल्क

विकण्यासाठी घेतलेला माल प्रवाशाच्या वैयक्तिक सवलतीत बसत नाही, तो व्यापारी माल म्हणून जाहीर करावा लागतो. पहिल्या फेरीतच स्थानिक कस्टम्स एजंटशी बोलून घ्यावे. जगभरच्या सीमाशुल्क वर्गीकरणात पहिले सहा आकडे समान असतात आणि त्यांतले पहिले दोन प्रकरण दाखवतात: वस्त्रे 50 ते 63 या प्रकरणांत, त्यांतले गालिचे आणि किलीम 57 मध्ये, टोपल्या-चटया 46 मध्ये, मातीची भांडी 69 मध्ये. एकाच बिलावर ‘हस्तकला वस्तू, 80 नग’ असे लिहून आणले तर अधिकारी सगळ्याला सर्वांत चढा दर लावू शकतो, म्हणून बिलात प्रत्येक प्रकार, धागा, नग आणि किंमत वेगळी लिहून घ्यावी. खेड्यातल्या विणकराकडे छापील बिल नसते. अशा वेळी आपणच दोन प्रतींत पावती लिहावी आणि त्याची सही किंवा अंगठा घ्यावा. ज्या देशांत व्यापार सवलतीचा करार आहे तिथे मूळ उत्पत्तीच्या दाखल्याने कर कमी होतो, आणि तो दाखला माल निघण्यापूर्वीच मिळवायचा असतो.

कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले 5000 हे सर्रास वापरले जाणारे सूत्र आहे. म्हणजे 60, 50 आणि 40 सेंटिमीटरचे खोके 24 किलो धरले जाते, मग आत रजया भरून ते प्रत्यक्षात 11 किलो का भरेना. त्यामुळे कापडे घट्ट गुंडाळून हवा काढलेल्या पिशवीत भरावीत, मात्र आभल्यांचे किंवा जाड भरतकाम असे दाबू नये. लाकडी खोका वापरणार असाल तर लाकडातून कीड पसरू नये म्हणून केलेल्या आयएसपीएम 15 या आंतरराष्ट्रीय नियमाचा गव्हाच्या लोंबीचा शिक्का त्यावर हवा, नाहीतर माल बंदरात अडकतो. प्लायवूडला हा नियम लागू नाही.

दुकानात आणण्यापूर्वी

आलेला माल थेट फळीवर मांडू नये. कापडाला भोके पाडते ती कसरीची अळी, उडणारे पाखरू नव्हे, आणि तिला मळकी लोकर सर्वांत प्रिय असते. लोकर, रेशीम आणि पिसांच्या वस्तू पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद कराव्यात आणि उणे 18 अंश किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवाव्यात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. वस्तू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पूर्ण दिवस जाऊ द्यावा, नाहीतर बाष्प कापडावर धरते. हे कंटाळवाणे आहे, पण एका कसर लागलेल्या गालिच्याने शेजारच्या फळीवरच्या शालींची चाळण होते.

किमतीचा हिशेब

समजा एका फेरीत 1000 एककांचा माल घेतला, मग चलन कोणतेही असो. वाहतूक आणि विमा 140, सीमाशुल्क आणि कर 160, प्रवास आणि मुक्काम 350, चलन बदलताना आणि बँकेत गेलेले 30, धुलाई, दुरुस्ती आणि अस्तर 70. बेरीज 1750 होते. म्हणजे 100 ला घेतलेली वस्तू दुकानात येते तेव्हा 175 ला पडलेली असते. दहातली एक वस्तू विकली जाणार नाही किंवा खराब होईल असे धरले तर उरलेल्या नवांनी तिचा भार उचलायचा असतो, आणि खरी पडत 175 भागिले 0.9, म्हणजे साधारण 194 होते. खरेदीच्या दुप्पट, म्हणजे 200 ला विकले तर हातात सहा एकके उरतात, आणि त्यातून अजून भाडे, वीज आणि स्वतःचा पगार काढायचा आहे. ‘दुप्पट करून विका’ हा जुना सल्ला ज्यांना माल दारात पोहोचवून मिळतो त्यांच्यासाठी आहे.

तीच वस्तू विक्रीकर सोडून 360 ला विकली तर नगामागे 166 सुटतात. दुकानाचा महिन्याचा ठरलेला खर्च 4000 असेल तर अशा किमान 25 वस्तू दर महिन्याला विकल्या गेल्या पाहिजेत. जवळजवळ रोज एक. हा आकडा कागदावर लिहून आपल्या गल्लीतून रोज किती माणसे जातात याच्याशी ताडून पाहावा. जागेचा करार करण्यापूर्वी पाहिला तर उत्तम.

प्रवासखर्च वस्तूंवर वाटताना तो नगांवर न वाटता किमतीवर वाटावा, नाहीतर बटव्याला विमानाचे तिकीट चिकटते. आणि फेरीतले जे दिवस स्वतःच्या हौसेसाठी घालवले त्यांचा खर्च दुकानाच्या हिशेबात घालू नये. तो घातला की किमती फुगतात आणि आपली खरेदी महाग आहे की आपण हौशी आहोत, हे कधीच कळत नाही.

चिठ्ठी आणि मांडणी

संग्रहालयांत वस्त्रांसाठी प्रकाश साधारण 50 लक्सवर (लक्स हे उजेडाचे माप) ठेवतात. दुकानात इतका मंद उजेड चालणार नाही, पण दर्शनी काचेतले कापड दर दोन आठवड्यांनी बदलावे आणि काचेला अतिनील किरण अडवणारी फिल्म लावावी. मोठी वस्त्रे खिळ्यांवर टांगू नयेत. सुती पट्टीवर वेल्क्रो शिवून ती पट्टी वरच्या कडेला हाताने टाचली की वजन सगळ्या रुंदीवर वाटले जाते. जरीचे काम डांबराच्या गोळ्यांजवळ ठेवू नये, ते काळे पडते.

चिठ्ठीवर वहीतलीच वाक्ये उतरवावीत. माझी एक चिठ्ठी अशी आहे: ‘क्र. 118. सुती टेबलपट्टी, 180 बाय 35 सें.मी. नैसर्गिक निळीत तीन वेळा बुडवलेली, लाकडी ठशाची छपाई. छपाईकाराच्या घरून घेतली. एका कोपऱ्यात ठसा निसटल्याची खूण आहे. पहिल्या दोन धुण्यांत रंग उतरेल, वेगळी धुवावी.’ दोष लिहिल्याने विक्री कमी होते अशी भीती मला होती. प्रत्यक्षात ती पट्टी त्या निसटलेल्या ठशासाठीच उचलली गेली.

कायद्याच्या चिठ्ठीचा भाग वेगळा. युरोपीय संघात 1007/2011 या नियमाने वस्त्रावर धाग्यांचे प्रमाण लिहिणे बंधनकारक आहे, आणि त्वचेला लागणाऱ्या वस्त्रांत अझो नावाच्या काही कृत्रिम रंगांतून सुटणाऱ्या अमाइन या घातक रसायनांवर किलोमागे 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. इतरत्र नियम वेगळे असतात. आपण जिथे विकतो तिथले पाहावेत. पारंपरिक चकाकीच्या भांड्यांत शिसे असू शकते, म्हणून तपासणी झाली नसेल तर ‘फक्त शोभेसाठी’ असे स्पष्ट लिहावे. दुकानाची नोंदणी, करक्रमांक आणि आगीचा विमा ही कामे जो तो सल्लागार करून देतो, त्यांवर इथे जागा घालवत नाही.

विक्रीनंतर

प्रत्येक बिलावर वस्तूचा क्रमांक लिहावा. वर्षाअखेरीस खरेदीची वही आणि बिले शेजारी ठेवली की कोणत्या गावचा माल किती दिवसांत गेला, कोणता रंग पडून राहिला आणि कोणत्या आकाराची मागणी फुकट गेली, हे दुपारभरात समजते. बारा महिन्यांत न गेलेल्या वस्तूची आधी जागा बदलावी, मग मांडणी, आणि किंमत सर्वांत शेवटी. भरतकामाच्या एका पडद्याला मी तीन वेळा सूट दिली होती, पण तो विकला गेला तो दिव्यामागून काढून दारासमोर टांगल्यावर.

पुढच्या फेरीला निघताना विकल्या गेलेल्या कापडांची छायाचित्रे कागदावर छापून न्यावीत आणि मागे कोणत्या मापाचे हवे, कोणता रंग नको, हे प्रत्येकाखाली लिहावे. विणकराच्या घरी ते कागद जमिनीवर पसरून बसले की बोलणे भावावरून रंगावर येते. उरलेल्या रकमेचा हप्ता त्याच बैठकीत द्यावा, नव्या मागणीची आगाऊ रक्कम वेगळी मोजून द्यावी आणि दोन्ही आकडे त्याच्या व आपल्या वहीत एकाच वेळी लिहावेत.